शिक्षकाची पदवी आणि त्याच्या हाती आलेला विषय

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



दहावी-बारावीत चांगले गुण मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव आताच आपल्यासमोर झाला. त्यांच्या श्रमाबद्दल आणि त्यांच्या आईवडिलांच्या कष्टाबद्दल अध्यक्ष बोललेच आहेत. मला संस्थेने विषय दिला तो शिक्षकांविषयीचा. शिक्षकांविषयी बोलायचे म्हटले की एक तर त्यांची थोरवी गायची, नाही तर त्यांना झोडपायचे, अशा दोनच वाटा आपल्याकडे रुळलेल्या आहेत. मी तिसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधणार आहे. आपल्या मुलाला जो शिक्षक गणित शिकवतो, तो गणित शिकलेला आहे काय? जो इंग्रजी शिकवतो, त्याने इंग्रजीचा अभ्यास कुठपर्यंत केला आहे? हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. डॉक्टरकडे जाताना तो डोळ्यांचा की हाडांचा, ही चौकशी आपण करतो. शाळेत मात्र 'सर आहेत ना, मग झाले' एवढ्यावर आपले समाधान होते.

माध्यमिक शाळेत शिक्षक होण्यासाठी काय लागते, ते प्रथम पाहू. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. शिक्षक मंडळी तिला 'एम.ई.पी.एस.' म्हणतात. या नियमावलीच्या अनुसूचीत माध्यमिक शिक्षकाची अर्हता ठरलेली आहे. थोडक्यात सांगायचे तर विद्यापीठाची पदवी आणि बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली देशभरासाठी किमान अर्हता ठरविल्या, त्यातही नववी-दहावीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, तिच्यात निदान ५० टक्के गुण, आणि बी.एड. अशीच अट आहे. आता याच्या शेजारी अकरावी-बारावीचा नियम ठेवून पाहा. तेथे ज्या विषयाचा शिक्षक त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. रसायनशास्त्राचा एम.एस्सी. असेल तर तो कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्रच शिकवील, त्याला कोणी इतिहास देणार नाही. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विषयाचा जाणकार पाहिजे, हे आपल्याला मान्य आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र 'पदवीधर' असला की चालतो. पाया घालण्याचे काम ज्या वर्गात होते तेथे ढिलाई, आणि मजला चढवायचा तेथे काटेकोरपणा!

यावर कोणी म्हणेल, विज्ञानाला बी.एस्सी. आणि भाषेला बी.ए. एवढे तर शाळा पाहतातच. खरे आहे, पाहतात. पण बी.एस्सी. या तीन अक्षरांच्या पोटात काय काय दडलेले असते ते ऐका. आपल्या राज्यात दहावी झाल्यावर विज्ञान शाखेत गेलेल्या मुलाला गणित सोडून जीवशास्त्र घेता येते. समजा, एका मुलीने पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र घेतले. बारावी झाल्यावर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली, पुढे बी.एड. झाली. तिने शेवटचे गणित केले ते दहावीत. शाळेत तिची नेमणूक होते 'विज्ञान शिक्षिका' म्हणून, आणि आपल्याकडे विज्ञान म्हटले की गणित त्याच्या पाठोपाठ येतेच. परिणाम असा, की दहावीचे गणित शिकवणारीने स्वतः दहावीपुढे गणित पाहिलेले नसते. कागदावर सर्व काही नियमाला धरून आहे. तपासणीला कोणी आले तरी दोष काढता येणार नाही, कारण पदवी आहे, बी.एड. आहे, वैयक्तिक मान्यता आहे.

उलट बाजूही सांगतो. मी स्वतः पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन पदवीधर झालो. माध्यमिक शाळेत तीस वर्षे काढली. २०१८ साली दहावीच्या विज्ञानाचे पाठ्यपुस्तक बदलले आणि त्याचे दोन भाग झाले. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, धातुविज्ञान. दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान. ही दोन पुस्तके एकाच माणसाने सारख्याच अधिकाराने शिकवावीत, अशी अपेक्षा आहे. पदार्थविज्ञानवाला नववीत मेंडेलचा प्रयोग शिकवताना तीनास एक हे गुणोत्तर फळ्यावर बिनचूक मांडील, पण वाटाण्याचे फूल उघडून त्यातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मुलांना दाखवताना त्याचा हात अडखळेल. वनस्पतिशास्त्रवाली बाई फूल सुरेख उघडून दाखवील, पण भिंगाच्या पाठात कोणते अंतर धन आणि कोणते ऋण हे सांगताना पुस्तकाकडे पाहील. दोघांपैकी कोणीही नालायक नाही. अर्धा विषय त्यांचा आहे आणि अर्धा त्यांच्या गळ्यात पडलेला आहे.

गळ्यात पडलेला विषय शिकवताना नेमके काय बिघडते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. पुस्तकातली उदाहरणे फळ्यावर सोडवली जात नाहीत असे नाही. मार्गदर्शक घेऊन ती उतरवता येतात. बिघडते ते मूल प्रश्न विचारते तेव्हा. ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले की उत्तर धन का येते? हा प्रश्न आठवीतल्या प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल विचारते. ज्याचा गणितावर हात आहे तो शिक्षक आकृतिबंध मांडतो. तीन गुणिले उणे दोन, दोन गुणिले उणे दोन, एक गुणिले उणे दोन, शून्य गुणिले उणे दोन, प्रत्येक वेळी उत्तर दोनने वाढत जाते, मग पुढची पायरी कोणती, हे तो मुलांकडूनच काढून घेतो. ज्याचा हात नाही तो म्हणतो, "नियम आहे, पाठ करा." दोनदा असे उत्तर मिळाले की ते मूल तिसऱ्यांदा हात वर करीत नाही. पुढे घरी सांगते, मला गणित जमत नाही. आपणही म्हणतो, आमच्या खानदानात कुणाला गणित जमले नाही, त्याला कुठून जमणार! मुलाच्या कपाळी लागलेला हा शिक्का खरे तर शाळेच्या वेळापत्रकातून आलेला असतो.

गणित-विज्ञानाचे पुष्कळ बोललो. पण सर्वांत जास्त अन्याय होतो तो समाजशास्त्राच्या विषयांवर, असे माझे मत आहे. इतिहास काय, वाचून दाखवायचा! भूगोल काय, नकाशा भरायचा! अशी एक समजूत मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वत्र आहे. त्यामुळे ज्याच्या तासिका कमी पडतात त्याच्या नावावर इतिहास टाकला जातो. आता २०१८ चे दहावीचे इतिहासाचे पुस्तक काढून पाहा. पहिलाच पाठ पाश्चात्त्य इतिहासलेखनाच्या परंपरेचा. त्यात व्हॉल्टेअर आहे, हेगेल आहे, रांके आहे, मार्क्स आहे, मिशेल फुको आहे. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे आणि इतिहास असे पाठ आहेत. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे ज्याने पदवीला कधी केलेले नाही त्याने हा पाठ कसा उभा करावा? तो व्याख्या लिहून देतो, मुले त्या घोकतात. भूगोलाचे पुस्तक तर सबंध भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर रचलेले आहे. दोन देशांची पर्जन्यमाने, दोन देशांची लोकसंख्या, आलेख शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहेत. नववीत आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. ती ओलांडताना वार पुढे जातो की मागे, हे मुलांना पटवून देण्यासाठी हातात पृथ्वीगोल लागतो आणि तो फिरवणाऱ्याला रेखावृत्ते कळावी लागतात. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने बारावीनंतर भूगोल पाहिलेला असेलच असे नाही. आपल्या समाजाला तर इतिहास कसा लिहिला जातो, कोण लिहितो आणि कोणाला वगळतो, हा प्रश्न काही परका नाही. तो शिकवणारा माणूस त्या विषयात मुरलेला असावा, ही मागणी आपण इतरांपेक्षा मोठ्याने करायला हवी.

इंग्रजीची कथा निराळी. इंग्रजी सगळ्यांनीच थोडेफार शिकलेले असते, म्हणून ते सगळ्यांनाच शिकवता येते असे मानतात. मराठी किंवा राज्यशास्त्र हा विशेष विषय घेतलेल्या बी.ए. शिक्षकाने पदवीला सक्तीचे इंग्रजी म्हणून जेवढे केले तेवढ्या भांडवलावर त्याला पाचवी ते दहावीची इंग्रजी सांभाळावी लागते. तो काय करणार? धड्याचे मराठीत भाषांतर सांगतो आणि उत्तरे लिहून देतो. मुलाला दहावीत इंग्रजीत साठ गुण मिळतात, आणि अकरावीच्या वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागले की ते मागच्या बाकावर जाऊन बसते.

हे सगळे कोणाच्या दुष्टपणामुळे होते काय? मुळीच नाही, आणि या ठिकाणी मला थोडा हिशोब मांडावा लागेल. समजा, तालुक्याच्या एखाद्या गावी आठवी, नववी, दहावी अशी प्रत्येकी एक तुकडी असलेली शाळा आहे. एका वर्गाला आठवड्याला ४५ तासिका धरा. तीन वर्गांच्या १३५ झाल्या. एक शिक्षक तीसेक तासिका घेतो. म्हणजे मुख्याध्यापक धरून साडेचार-पाच माणसे झाली. विषय किती? मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल, शिवाय चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव. दहा विषय आणि पाच माणसे. गणिताच्या प्रत्येक वर्गाला सात तासिका धरल्या तर तीन वर्गांच्या एकवीस होतात. उरलेल्या नऊ तासिका गणिताच्या शिक्षकाला कशाच्या द्यायच्या? विज्ञानाच्या दिल्या तर विज्ञानाचा शिक्षक अर्धा मोकळा होतो, मग त्याला भूगोल द्यावा लागतो. पांघरूण डोक्यावर ओढले की पाय उघडे. वेळापत्रक बसवणाऱ्या पर्यवेक्षकाची जूनमध्ये जी झोप उडते ती याचमुळे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला आठवीचा हिंदी देण्यात आला होता, कारण तासिका भरत नव्हत्या. हिंदीच्या बाई प्रसूतीच्या रजेवर होत्या आणि माझ्या नावापुढे सहा तासिका रिकाम्या दिसत होत्या, एवढेच त्यामागचे कारण.

पदे ठरतात ती पटसंख्येवर. त्याला संचमान्यता म्हणतात. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने तिचे निकष ठरले, १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते पुन्हा बदलले. पट घसरला की पद जाते आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळे प्रशिक्षित पदवीधर एका रांगेत उभे असतात. बी.ए. असो, बी.एस्सी. असो, रांग एकच. पुष्कळदा सर्वांत कनिष्ठ माणूस अतिरिक्त ठरतो, आणि तोच जर शाळेतला एकुलता एक गणितवाला असला तर गणित त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्या शाळेत त्याचे समायोजन होते, तेथे कदाचित मराठीची जागा रिकामी असते. दोन्ही शाळांची पदे भरलेली दिसतात. दोन्ही शाळांत एकेक विषय पोरका झालेला असतो.

त्यात २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. पुढे २०१७ साली पवित्र पोर्टल निघाले, अभियोग्यता चाचणी झाली, पण मधल्या काळात जे निवृत्त झाले त्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि त्यांचे विषय उरलेल्यांत वाटले गेले. बी.एड. झालेली आपली शेकडो मुले घरी बसून होती आणि शाळेत चित्रकलेचे सर भूगोल शिकवीत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी एकाच तालुक्यात घडत होत्या, हे लक्षात घ्या.

आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा फार होत नाही. आपल्यातले बरेच शिक्षक आधी डी.एड. करून नोकरीला लागले आणि नोकरी करता करता पदवी घेतली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि अशा हजारो लोकांना पदवीचे दार उघडले, ही मोठीच गोष्ट झाली. पण नोकरी करणारा माणूस बी.एस्सी. कशी करणार? तिला रोजची प्रयोगशाळा लागते. म्हणून तो बी.ए. करतो, तेही जो विषय घरी बसून वाचता येईल तो घेऊन. साहजिकच मराठी आणि इतिहासाचे पदवीधर उदंड झाले, गणित आणि पदार्थविज्ञानाचे तुटपुंजे राहिले. पगाराची श्रेणी मिळवण्यासाठी पदवी घेतली यात काही गैर नाही, पोटापाण्याचा प्रश्न असतो. मात्र त्या पदवीचा वर्गातल्या विषयाशी काही संबंध असावा, ही अट कोणी घातली नाही.

आता एक आरोप, जो आपल्या कानावर वारंवार येतो. म्हणतात, बिंदुनामावलीमुळे विषयाचे शिक्षक मिळत नाहीत. मित्रहो, राखीव जागेवर येणाऱ्या उमेदवारालाही पदवी आणि बी.एड. लागते. बिंदू प्रवर्ग सांगतो, विषय सांगत नाही. गणिताची जागा रिकामी असताना तेथे कोणत्या विषयाचा माणूस घ्यायचा, हे ठरविणे जाहिरात देणाऱ्याच्या हाती असते. त्याने विषयच नीट लिहिला नाही, किंवा आपल्या माणसाला बसवण्यासाठी लिहिला नाही, तर दोष बिंदूचा कसा? विषयांची जुळणी ही सर्व प्रवर्गांत सारखीच बिघडलेली आहे. खुल्या जागेवर आलेला प्राणिशास्त्राचा पदवीधरही गणितच शिकवीत असतो.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत रिचर्ड इंगरसॉल या समाजशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ अभ्यास केला. प्राध्यापक होण्यापूर्वी ते स्वतः शाळेत शिक्षक होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसते, की तेथील माध्यमिक शाळांत गणित शिकवणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षकांचा गणित किंवा त्याच्या जवळपासचा विषय पदवीला मुख्यही नव्हता आणि दुय्यमही नव्हता. त्यांचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षक कमी शिकलेले आहेत असे ते म्हणत नाहीत. शिकलेल्या शिक्षकाला त्याने न शिकलेला विषय दिला जातो, हा शाळा चालवण्याच्या पद्धतीतला दोष आहे, असे ते दाखवतात. आणि गरीब वस्तीतल्या शाळांत, लहान शाळांत हे जास्त होते, असेही त्यांना आढळले. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२३ साली आठ राज्यांतील शिक्षकांविषयी अहवाल काढला, त्यात महाराष्ट्रही होता. गणित शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पदवीला गणित घेतलेलेच नाही, ही बाब त्यातही पुढे आली.

गरीब वस्तीतल्या शाळांत हे जास्त का होते, ते आपल्याला अमेरिकेने सांगायला नको. ज्या शाळेतल्या मुलांच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, तेथे शिक्षकाची उणीव बाहेरचा क्लास भरून काढतो. उणीव आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही, उलट शाळेचा निकाल उत्तम लागतो. ज्या मुलाची आई धुण्याभांड्याला जाते आणि बाप नाक्यावर उभा राहतो, त्याला शाळेतल्या चाळीस मिनिटांखेरीज दुसरे गणित नाही. रात्रशाळेचे उदाहरण घ्या. दिवसा काम करून संध्याकाळी येणाऱ्या मुलांना तेथे अडीच-तीन तास मिळतात. मुंबईच्या रात्रशाळांत दिवसाच्या शाळेतले विषयशिक्षक संध्याकाळी येऊन शिकवीत. १७ मे २०१७ च्या शासन निर्णयाने दुबार नोकरी करणाऱ्या या शिक्षकांची रात्रीची सेवा थांबली. दोन ठिकाणी पगार घ्यावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. मला स्वतःला पूर्णवेळ शिक्षकाची कल्पना पसंत आहे. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात बसलेल्या हॉटेलातल्या पोऱ्याला भूमिती कोण शिकवणार, याची तजवीज आधी करायला हवी होती.

२०२४ साली राज्याचा नवा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातल्या एका तरतुदीची बरीच चर्चा झाली. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, अशी ती कल्पना. नापास होऊन शाळा सोडणारी मुले वाचतील, हा हेतू चांगला आहे आणि मी तो नाकारत नाही. पण हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडेल? ज्याला तीन वर्षे गणिताचा शिक्षकच मिळाला नाही त्याच्या. शाळेची उणीव मुलाच्या कागदावर लिहिली जाईल आणि अभियांत्रिकीचे, वैद्यकाचे, विज्ञानाचे दार पंधराव्या वर्षी बंद होईल. अशा शेऱ्याच्या शेजारी, या विद्यार्थ्याला गणित शिकवणाऱ्या शिक्षकाची गणितातली अर्हता काय होती, हा रकानाही छापावा, अशी सूचना मी एका बैठकीत केली होती. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पदवी म्हणजे सर्व काही नव्हे. गणितात एम.एस्सी. झालेली, पण वर्गाकडे पाठ करून फळ्याशीच बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि वाणिज्य शाखेचे एक सहकारी मी पाहिले, ज्यांनी दहावीच्या गणितातला अर्थनियोजनाचा पाठ, ते वस्तू व सेवा कर आणि शेअर्स, असा शिकवला की मुले किराण्याच्या दुकानातली बिले गोळा करून आणू लागली. बी.एड.ला दोन विषयांच्या अध्यापन पद्धती शिकवतात, त्यांचेही मोल आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले ते याच हिशोबाने की सरावाला वेळ मिळावा. पण पद्धती ही विषयाच्या आधाराने उभी राहते. भाजी कशी फोडणीला टाकायची हे कितीही शिकवले, तरी भाजीच घरात नसेल तर काय टाकणार?

उपाय काय, असे तुम्ही विचाराल. मोठे उपाय कागदावर आहेत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने जवळपासच्या शाळांचा समूह करून साधने वाटून घ्यावीत असे सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय संकुल म्हणून तीच गोष्ट पुन्हा सांगितली. पाच-सहा लहान शाळांनी मिळून एक भूगोलाचा, एक पदार्थविज्ञानाचा शिक्षक वाटून घ्यावा, ही कल्पना मला व्यवहार्य वाटते. फक्त त्या शिक्षकाचा एस.टी.चा प्रवास आणि वेळ यांची सोय कोणी करायची, ते ठरले पाहिजे, नाही तर तो अर्धा दिवस थांब्यावरच उभा राहील. आणि संकुलाच्या नावाखाली लहान शाळा बंद करण्याचा घाट घातला तर आपला त्याला विरोध राहील. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा निदान एकेक शिक्षक असावा असे अनुसूचीत लिहिले आहे. नववी-दहावीला हे कायद्याचे छत्र नाही. ते मिळावे ही मागणी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे.

पण शासनाने करण्याची वाट पाहत बसलो तर आज नववीत असलेले मूल तोवर नातवंडांचे आजोबा होईल. आपल्या हाती काय आहे ते बघू. दरवर्षी प्रत्येक शाळा यू-डायसची माहिती भरते. त्यात प्रत्येक शिक्षक मुख्यतः कोणते विषय शिकवतो आणि त्याने स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी, सामाजिक शास्त्रे कोणत्या पातळीपर्यंत शिकली, हे लिहायचे असते. म्हणजे माहिती तयार आहे. शाळेच्या पालकसभेत जाऊन, आवाज न चढवता, आपण ती विचारू शकतो. शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळेकडे २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्जही करता येतो, पण पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन जाऊ नका. शिक्षक आपला शत्रू नाही, त्याच्यावरही विषय लादलेला आहे. माझा अनुभव असा, की पालकांनी विचारले की मुख्याध्यापकाला बळ येते. 'पालक मागणी करतात' असे वर लिहिता येते.

समाजात आज किती इंजिनिअर, बँक अधिकारी, प्राध्यापक आहेत! मेळाव्याला सगळे येतात, देणगीही देतात. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. शाळेचा अभ्यास पुन्हा घोकून घेण्यासाठी नको, तसल्या शिकवण्या पुष्कळ आहेत. ज्या शाळेत जो विषय पोरका आहे तेवढाच घ्यावा. आपल्या शिक्षक बांधवांनाही विनंती, की लादलेला विषय पाच-सहा वर्षे शिकवावा लागणार हे दिसत असेल तर तो शिकून घ्या. संस्थेच्या ग्रंथालयात अकरावी-बारावीची पुस्तके ठेवली आहेत, त्यांपासून सुरुवात करायला लाज वाटण्याचे कारण नाही. आणि बी.एड.कडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनो, विशेषतः मुलींनो, पदवीला गणित आणि पदार्थविज्ञान घेण्याचा विचार करा. अवघड आहे म्हणून बहुतेक जण टाळतात, म्हणूनच तेथे माणसांची गरज आहे.

कार्यकारिणीशी माझे बोलणे झाले आहे. दाराजवळच्या टेबलावर एक साधा तक्ता ठेवलेला आहे: शाळेचे नाव, इयत्ता, विषय, शिकवणाऱ्यांची पदवी आणि पदवीचा विषय. शिक्षकाचे नाव त्यात लिहायचे नाही. आठवी ते दहावीच्या मुलांनी तो घरी न्यावा, आपल्या वेळापत्रकाची नक्कल त्याला जोडावी आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारातल्या अभ्यासिकेत आणून द्यावा. ज्या विषयापुढे सर्वांत जास्त जागा कोऱ्या दिसतील, त्याचा वर्ग आपण आधी सुरू करू.